शेळीचं चित्र

आई मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची, त्या वर्गावर मुलगी पोचली. आई जाऊन तीन आठवडे झाले होते आणि सोमवारपासून नव्या बाई येणार होत्या. त्याआधी आईनं शिकवलेलं एकदा घोटवून घ्यावं, नव्या बाईंना आईला नावं ठेवायला जागा राहू नये, एवढंच तिला हवं होतं.

कामावरून थेट आलेली आठ माणसं लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसली होती. आईनं स्वतः रंगवलेली चित्रं ती एकेक करून वर धरत गेली. कॅट, डॉग, काऊ. सगळं सुरळीत चाललं होतं. मग शेळी आली.

"शीप," आठही जणांनी एका सुरात सांगितलं.

तिनं चित्र स्वतःकडे वळवून पाहिलं. चित्रात दाढी होती, शिंगं होती. मेंढी म्हणायला कुठे वावच नव्हता. म्हणजे वर्गातही आईचं तसंच होत होतं. शेवटी शेवटी घरी ती चमच्याला कात्री म्हणायची आणि मुलगी दर वेळी तिची चूक सुधारायची. पुढे पुढे आई बोलायचीच कमी झाली.

फळ्याकडे तोंड करून मुलीनं सांगितलं की हिला गोट म्हणतात, शिकवताना चूक झाली असेल. मग पुढच्या बाकावरच्या, कपडे शिवणाऱ्या काकूंनी घसा साफ केला.

"ठाऊक आहे, ताई. आधी बाईंनीच गोट शिकवलं होतं. मग एक दिवस शीप म्हणाल्या."

"मग सांगितलं का नाही?"

"या शहाण्यानं सांगितलं एकदा." काकूंनी शेजारच्या ड्रायव्हरकडे हनुवटीनं खूण केली. "बाई चित्राकडे बघतच राहिल्या. तास तिथंच संपला. मग आम्ही ठरवलं, या खोलीत ही शीप."

शेळीची काही तक्रार नव्हती, असं ड्रायव्हर मान खाली घालून पुटपुटला. दोघं-तिघं हसले. तिलाही हसू आलं, पण ते पुरतं ओठांवर पोचलं नाही.

तिनं चित्र पुन्हा वर धरलं.

"गोट," सगळे म्हणाले. पहिल्याच खेपेला, अचूक.

घोटवून घ्यायचं काही उरलंच नव्हतं. चित्रं गोळा करून ती काकूंच्या बाकावर, उरलेल्या जागेत बसली. तास संपायला वीस मिनिटं होती. कुणीही उठलं नाही.