जमनीची कुबडी अन् उंच खुंटी

मी एक जुनी कुबडी आहो, मित्रांनो. सागवानाची. ज्या झाडाची मी फांदी, ते एवढं उंच होतं का दिग्रसच्या जिनिंगचा भोंगा वाजला का शेंड्यावरचे माकडं पाळी बदलत. खोटं वाटते? राह्यलं.

गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन सालची. तांड्यातल्या धनसिंगची पोरगी जमनी, नऊ वर्साची. तापानं तिचा डावा पाय वाळला. धनसिंगनं मले तासलं. तिच्या याडीनं, म्हंजे मायनं, रुपीबाईनं, जुन्या घागऱ्याचा तुकडा काखेखाली बांधला. त्याचे आरशे टोचले म्हनून उलटा करून बांधला. जमनी माह्यावर अख्खा तांडा फिरून आली, तवा मी अशी फुगली का तिच्या काखेत मावत नोहती!

मंग शाळा. एकच खोली, अन् कमलाकर गुरुजी. आमच्या तांड्याची रीत अशी का पाव्हना आला का दारातच त्याची काठी घ्यायची, उंच खुंटीवर टांगायची, अन् त्याले बाजेवर बसवायचं. काठी खाली पडून राह्यली तं पाव्हन्याचा अपमान. पह्यल्याच दिवशी तांड्यातल्याच उकंड्यानं, वर्गातल्या सगळ्यात मोठ्या पोट्ट्यानं, मले जमनीच्या हातातून घेतलं, खुंटीवर टांगलं अन् तिले उचलून पुढं बसवलं.

"शाब्बास!" गुरुजी म्हनले.

झालं! तवापासून रोज तेच.

वरून मले सारं दिसे, पन हलता येत नोहतं. पाल माह्यावरून जाये, मले भिंतच समजे. खाली जमनीही तशीच. मधल्या सुट्टीत सारे पोट्टे बाहेर उधळत, अन् ही एकटी बसून राहे. दार नऊ पावलावर होतं, पन ते नऊ पावलं माह्यासंग वर टांगलेले.

"घे वं जमने, पानी," पोरी म्हनत.

"मले तहान नाई."

ओठ फुटून राह्यले होते पोरीचे, तहान कशी नाई? पन पानी पेलं का बाहेर जा लागते. बाहेर जाच्यासाठी उकंड्याले "उचल मले" म्हना लागे. कायले जाचं, हे त्याले कसं सांगावं? म्हनून सकाळपासून घंटी होईपर्यंत ती कोरडीच राहे. लाकडाले रडता येत नाई, नाई तं शाळेची भिंत वाहून उमरखेडले गेली असती.

एक दिवस पाढे म्हनता म्हनता जमनीले घेरी आली. गुरुजींनी तोंडावर पानी मारलं.

"अगं, दिवसभर पाणी का पीत नाहीस?"

"पेलं तं बाहेर कशी जाऊ, गुरुजी? माही कुबडी वर हाये."

उकंडा उखडला. "मानानं टांगतो मी तिले! पाव्हन्याची टांगते तशी!"

"मी काय पाव्हनी आहो काय रे? पाव्हना सांजच्याले निंगून जाते. मले रोज याचं हाये."

गुरुजींची मान खाली गेली. शाब्बास त्याईनंच म्हनलं होतं.

"जमने, कुठं ठेवायची ती? तूच सांग."

"माह्या हाताले लागन तिथं."

उकंड्यानं मले खाली काढलं. "पह्यले काहून नाई सांगतलं?"

"तू इचारलं कवा?"

जमनी दोन गिलास पानी पेली, मले काखेत घेतलं अन् निंगाली. उंबऱ्यावर अडखळली. उकंडा धावला, अन् मधातच थांबला. हात मागं बांधून म्हने, "धरू काय वं?"

"नको. बाजूले सरक."

सरकला. आम्ही दोघी बाहेर गेलो.

मित्रांनो, कोनाची कुबडी, कोनाची काठी न इचारता उचलू नका. ते सामान नोहे, त्या मानसाचा पाय असते. मदत करा, पन इचारून. अन् "नको" म्हनलं तं रुसू नका. उकंडा रुसलाच होता, चांगले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर जमनीनंच त्याले हाक मारली, "ए उकंड्या, माही पाटी धर."

त्यानं धरली. पाटीच.