मीटरात बसलेले आबा

कुडपणला भिकाजींच्या घराच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. गुरं सोडायची राहिली होती, चुलीवरचा भात करपत होता आणि अख्खी वाडी विजेच्या मीटरपुढे हात जोडून उभी होती. मीटरला झेंडूची माळ, हळदकुंकू, उदबत्ती. खाली पाय बांधलेला एक कोंबडा. आपलं पुढं काय होणार, याची कल्पना तिथं फक्त त्यालाच आलेली दिसत होती.

"मेन स्विच बंद हाय ना रे?" नाथूबुवांनी विचारलं. हे बुवा मुंबईत कुठं जम बसेना म्हणून परत आले आणि अंगात आणू लागले.

"बंद हाय, बुवा," शेजारचा चांगू म्हणाला.

"तरी बघा! भिकाजी मेला, पण त्याचं कनेक्शन कट नाय झालं. सप्लाय डायरेक कैलासातून! मीटरावर नाव कुणाचं? भिकाजीचं. म्हंजे भिकाजी बसलाय कुठं? मीटरात! होय म्हाराजा?"

"होय म्हाराजा!" वाडी गरजली.

बुवांनी झोळीतून बल्ब काढून मीटरला टेकवला. मग भिकाजींच्या बायकोच्या, येसूबाईच्या तळव्यावर तीर्थ सोडलं आणि बल्बचं बूड त्यावर ठेवलं. वायर नाही, होल्डर नाही. बल्ब लख्ख पेटला.

दारात आलेली भिकाजींची लेक ललिता जागीच थांबली. आबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आईच्या सुरकुतलेल्या बोटांमधून येणारा तो पांढरा उजेड बघून क्षणभर तिलाही वाटलं, खोटं असलं तरी असू दे.

ती महाडहून आईला न्यायला आली होती. आईला दमा. मागच्या खेपेला धाप लागली, तेव्हा पोलादपूरचा दवाखाना येईपर्यंत आईचे ओठ निळे पडले होते. आई आता महाडला ललिताच्या शेजारच्या खोलीत राहणार, हे घर आणि म्हैस पुतण्या किशोर सांभाळणार. इथलं मीटर किशोरच्या नावावर करायचं, तिथलं नवं आईच्या नावावर घ्यायचं. सगळं ठरलं होतं.

"नाव बदललात, तर बिचारा जाईल कुठं?" बुवा गरजले. "सात शनवार मीटरशांती. दर शनवारी कोंबडा. आन तवर घरातली बाई हलता नये!"

"मी नाय येत गो, ललिते," येसूबाई म्हणाली. "मी गेले तर ते अंधारात बसतील."

"बघू, माझ्या हातावर ठेवा," किशोरने तळवा पुढं केला. कुदळीने राठ झालेला, कोरडा. बल्ब ढिम्म.

"श्रद्धा नाय, म्हणून करंट नाय!"

ललिता बल्बाकडे बघत होती. त्यावरची छापील अक्षरं सुरीने खरवडलेली होती. तिला महाडचं आपलं स्वयंपाकघर आठवलं, आणि भांडी घासताना ओल्या हातांनी काढलेला तिथला बल्ब.

"बुवा, जरा देता?"

"बायमाणसानं हात नाय लावायचा!"

"आई कोण मग?" म्हणत तिने बल्ब घेतला आणि थेट गोठ्यात गेली. मागोमाग वाडी. म्हशीचं नाक नेहमीसारखं ओलंगच्च होतं. ललिताने बल्बचं बूड त्याला टेकवलं. लख्ख! म्हैस फुसकारली.

"भिकाजीकाका म्हशीत पण?" चांगू चाचरला.

ललिताने टोपलीतली काकडी मोडून तिला बल्ब लावला. काकडीतही आबा. मग तिने चांगूच्या घामेजलेल्या टकलावर बल्ब ठेवला.

"आरं, काका माझ्या डोक्यात गेले!" चांगू किंचाळला. बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या.

"सर्वव्यापी हाय तो!" बुवा ओरडले.

"मग त्यांना मीटरात कशाला कोंडता?"

बुवांनी बल्ब परत घ्यायला हात पुढं केला.

"ह्यात बॅटरी असते," ललिताने सांगितलं. "वीज गेली तरी लागणारा बल्ब. दुकानात मिळतो. बुडाच्या दोन टोकांना ओलं काही लागलं, की पेटतो. तीर्थ त्याच्यासाठी होतं." तिने किशोरच्या तळव्यावर साधं पाणी ओतलं, बल्ब ठेवला. त्या अश्रद्ध हातावर तो झकास पेटला.

बुवा झोळी उचलून उताराला लागले. किशोरने कोंबड्याचे पाय सोडले.

येसूबाई मात्र हसली नव्हती.

"म्हंजे ते खरंच नाय इथं?"

'आहेत' म्हणणं फार सोपं होतं. "नाहीत, आई."

"अंधारात पण नाय?"

"कुठंच नाहीत."

येसूबाईने मीटरवरची माळ काढली, म्हशीपुढे टाकली. म्हैस ती चघळायला लागली. "मग मी इथं राखण कुणाची करतेय?" तिने डोळे पुसले. "त्या महाडच्या मीटरावर माझं नाव लागणार? मग मेल्यावर मी त्यात बसायचं काय?"

"आई!"

"गंमत केली गो. चल, माझ्या लुगड्यांचं गाठोडं बांध."

माणूस गेलं, की मीटर वारसाच्या नावावर करून घ्यावं. घर सोडताना शेवटचं रीडिंग बघून घ्यावं, नव्या घरी नवं कनेक्शन मागावं. ही साधी कामं आहेत. त्यांत कुणाचा आत्मा अडकत नाही. अडकतात ती मागे राहिलेली जिवंत माणसं, आणि त्यांना दम लागतो, त्यांना दवाखाना जवळ लागतो. म्हणून कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एवढंच म्हणावं: आण इकडे, म्हशीला लावून बघू.