बाळाच्या बाटलीसारखी

मी एक डबी बोलतेय. पांढरी, प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची. कारखान्यातून निघाले ती थेट एका दवाखान्यात आले. मूल होत नसेल तर पुरुषात काय कमी असतं, याचा तिथे अभ्यास चालतो. तपासायचं वीर्य घरून माझ्यासारख्या डबीत आणतात.

कपाटात आम्ही एकमेकींना चिकटून असायचो. बाहेर मात्र एकटीनेच जायचं. आम्हाला कुणी हातात मिरवत नाही. घेतलं की खिशात लपवतात.

मला एका सुताराने नेलं. दवाखान्याच्या खिडकीतली बाई समजावत होती, "हे बघा भाऊ, डबी आतून स्वच्छच असते. तिला पाणीसुद्धा..."

मागे माणसं उभी होती. त्याचे कान लाल झाले. "कळलं, कळलं," म्हणत त्याने मला खिशात कोंबलं आणि निघालाच.

घरी बायकोपुढे ठेवून एवढंच म्हणाला, "उद्या सकाळी लागेल ही." आणि तोंड फिरवलं. आजवर गोळ्या तिनेच खाल्ल्या होत्या आणि बोलणीही तिनेच. हा पहिल्यांदाच तयार झाला होता.

ती मला घेऊन मोरीपाशी बसली. गरम पाण्यात बुडवलं, साबणाने घासलं, पुन्हा घासलं. जावेच्या बाळाची बाटली ती अशीच धुवायची.

"अगं, डबी घासतेयस की घर?" सासूबाई आतून ओरडल्या.

"आले, आले!" तिने घाईघाईने पाणी फिरवलं, पुसलं आणि क्षणभर मला छातीशी धरलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण झाकणाच्या आट्यांत साबण राहिला होता. मला तो कळत होता, पण सांगणार कशी?

सकाळी मी त्याच्या आतल्या खिशात होते. ती शेजारून चालत होती.

तपासून झाल्यावर खिडकीतली बाई म्हणाली, "शुक्राणूंची हालचाल अजिबात दिसत नाही."

तो बाकावर बसला तो मान खाली घालूनच. म्हणाला, "तुला उगाच बोलत राहिले सगळे. खोट माझ्यातच आहे. आता इथे परत यायचं नाही." मी काचेमागच्या टेबलावर पडून ऐकत होते. असं एकटं वाटलं ना!

ती उठून खिडकीशी गेली. "बाई, नीट बघा हो पुन्हा. डबी तर मी बाळाच्या बाटलीसारखी साबणाने घासून ठेवली होती!"

बाईने कपाळावर हात मारला. "साबणाने? अहो वहिनी, साबणाने तर शुक्राणू मरतात! यावरून काहीच सांगता येणार नाही. पुन्हा तपासावं लागेल."

ती रडकुंडीला आली. सुतार मात्र उठून तिच्याजवळ आला. "तिची चूक नाही. मीच धड ऐकून घेतलं नाही," तो म्हणाला. मग खिडकीत वाकला. "बाई, दुसरी डबी द्या. आणि काय करायचं ते पहिल्यापासून सांगा."

मागे माणसं उभी होतीच. या वेळी त्याने सगळं ऐकलं.

आता मी कचऱ्याच्या डब्यात आहे. पुढे काय निघालं ते मला कळणार नाही. लाजून अर्धवट ऐकू नका, एवढंच माझं सांगणं. आणि एक मागणं आहे. ज्या हातांनी मला न्हाऊ घातलं, त्या हातांत लवकर खरीच बाटली येऊ दे.