ब्रेकमधली हवा

भिमाजी आणि माऊली हे सख्खे भाऊ दोन वर्षं चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते. लोहगडवाडीत एकादशीसुद्धा इतक्या नेमानं कुणी पाळत नसेल. दोघांचं अंगण एक, नळ एक, आई एक. फक्त तोंडं दोन दिशांना.

तुम्हाला वाटेल, जमिनीचं भांडण असेल. छे! जमीन दोघांनी अशी गुण्यागोविंदानं वाटून घेतली होती की तलाठीसुद्धा चक्रावला. भांडण लागलं पाटीवरून. गडाच्या वाटेवर भिमाजीचा स्टॉल जुना. वेगळं झाल्यावर माऊलीनं बरोबर समोर आपला स्टॉल टाकला आणि वर पाटी लावली, ‘मूळ व अस्सल रतनबाईंचं पिठलं-भाकरी’. रतनबाई म्हणजे दोघांची आई. तिनं दहा वर्षांत चुलीकडे बघितलं नव्हतं, तो भाग निराळा. भिमाजीला मिरची झोंबली. तो तडक लोणावळ्याला गेला आणि लालभडक अक्षरांत पाटी रंगवून आणली, ‘आमची कुठेही शाखा नाही’. ट्रेकवाली पोरं त्या पाटीखाली उभी राहून फोटो काढायची आणि खिदळायची. माऊली मात्र हसला नाही. पाटी वाचून तो आईला एवढंच म्हणाला, “शाखा न्हाई, तर न्हाई.” आणि त्या दिवसापासून तोंड शिवून टाकलं.

चार दिवसांत येईल ताळ्यावर, असं भिमाजीनं धरलं होतं. चार दिवसांचे चार महिने झाले. पाटी लावून आपण चुकलो हे त्याला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. थोरल्यानं आधी तोंड उघडायचं म्हणजे भावकीत नाक कापून घ्यायचं. मग काय, बसला नाक सांभाळत.

वाटणीतून एकच गोष्ट सुटली होती, ती म्हणजे सोळा वर्षांची जुनी व्हॅन. सोमवार-बुधवार-शुक्रवार भिमाजीची, मंगळवार-गुरुवार-शनिवार माऊलीची, रविवार आलटून पालटून. सामायिक म्हशीचं दूध दोघांना हवं असतं, पेंड मात्र दुसऱ्यानं घालावी. व्हॅनचे ब्रेक तीन महिने करकरत होते. भिमाजी म्हणायचा, कधीतरी त्याच्या वाराला जातील, तो बघेल. माऊलीही तेच म्हणत असणार. भाऊच ते, अक्कल सारखीच.

ब्रेक गेले सोमवारी. भिमाजी सकाळी सामान आणायला मळवलीला निघाला होता. वाडीखालच्या पहिल्याच उतारावर पाय दाबला तर पेडल गपकन तळाला. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि व्हॅन कडेच्या मातीच्या ढिगात घातली, म्हणून वाचला. पाच मिनिटं तो स्टिअरिंगला धरून नुसता बसून राहिला. स्वतःची भीती नंतर वाटली. आधी मनात आलं ते उद्याचं.

उद्या मंगळवार. सकाळी सहाला माऊली आपल्या प्रतीक्षाला याच व्हॅनमधून पुण्याला नेणार होता. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, ट्रंक भरून तयार होती. हीच प्रतीक्षा तीन वर्षांची असताना भिमाजीच्या खांद्यावर बसून लोहगड चढली होती, उतरताना त्याच्या डोक्यावरच झोपली होती.

पहिल्या गिअरमध्ये त्यानं व्हॅन चढावर परत आणली. आता काम काय होतं? माऊलीला दोन शब्द सांगायचे, “ब्रेक गेलेत.” पण दोन शब्द म्हणजे बोलणं आलं, आणि ते आधी यानं! त्यापेक्षा गाडीची चाकं काढून ठेवणं भिमाजीला सोपं वाटलं. त्यानं अंगणात जॅक लावला, खाली दगड रचले आणि चारी चाकं काढली. चाकंच नाहीत म्हटल्यावर नेतोय कशी!

मळवलीच्या मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, “सीझन हाय भाऊ, गुरुवारपत्तुर वर यायला जमनार न्हाई. गाडी खाली आना, लगेच करतो.” वा रे हुशार! बिनब्रेकची गाडी घाटातून खाली आणायची ब्रेक बसवायला. भिमाजीनं लग्नाआधी चार वर्षं लोणावळ्याच्या गॅरेजात काम केलं होतं. त्यानं मोटरसायकल काढली, लोणावळ्याहून ब्रेकचे लायनर, चाकात गळत होता तो सिलेंडर आणि ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या आणल्या, आणि बाही वर सारून बसला.

दुपारी माऊली अंगणात आला. दगडांवर उभी व्हॅन बघून ओट्यावरच्या आईला म्हणाला, “आये, उद्या पोरीला काय पाठुंगळी न्यायची का, इचार.”

“ब्रेक गेलेत म्हनं,” रतनबाई म्हणाली. “सकाळी मरता मरता वाचलाय तुझा भाऊ.”

माऊलीचा चेहरा पांढरा पडला. तो तसाच वळला. गडाच्या वाटेनं गेला, धंद्याच्या ऐन वेळेला स्टॉल बंद करून आला आणि चाकांपाशी उकिडवा बसला. भिमाजीनं पाना मागायला हात पुढे केला की पाना हातात यायचा. तोंडं मात्र दोघांचीही कुलूपबंद.

चार वाजेपर्यंत सगळे लायनर बसले, नवा सिलेंडर बसला, आणि मग खरी पंचाईत झाली. पाइपात शिरलेली हवा काढल्याशिवाय ब्रेक लागत नाहीत, आणि ती एकट्याला काढता येत नाही. एकानं वर बसून पेडल मारायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्यानं खाली चाकाशी नट सैल करायचा, तेलाबरोबर हवा बाहेर येऊ द्यायची, नट आवळायचा, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर गेलेली हवा परत आत. म्हणजे क्षणाक्षणाला बोलायला हवं. परमेश्वराला विनोद कळतो, तो असा.

माऊली निमूट ड्रायव्हरच्या सीटवर चढला. भिमाजी नटाला नळी लावून चाकाशी आडवा झाला. “आये,” तो गाडीखालून म्हणाला, “त्याला सांग, तीनदा मार आन दाबून धर.”

“माऊली, तीनदा मार आन धर म्हनतोय. आन मी म्हनते, आधी चप्पल काढ. गाडी लक्षुमी आस्ती.”

माऊलीनं चप्पल काढली, तीनदा मारलं, धरलं. भिमाजीनं नट सैल केला. नळीतून फसफसत तेल आलं, पेडल खाली जाऊ लागलं.

“आये, सोडू का इचार,” माऊली वरून म्हणाला.

“भिमा, सोडू का म्हनतोय. आरं, पाय दुखत आसंल त्याचा, सकाळधरनं जेवला न्हाई...”

आईचं बोलणं संपेपर्यंत पाय उचलला गेला, आणि बुडबुड करत सगळी हवा आत. असं चार वेळा झालं. एक बाटली ऑइल अंगणाला पाजून झालं. रतनबाई प्रत्येक निरोपाला आपलं मीठमसाला लावत होती, आणि दोन्ही शहाणे तिच्यावरच खेकसत होते.

पाचव्या वेळी पेडल खाली जाताना भिमाजीला जाणवलं की माऊली आता पाय उचलणार. त्याच्या डोळ्यांपुढे सकाळचा उतार आला, आणि त्यात ट्रंकेवर हात ठेवून बसलेली पोरगी.

“आरं माऊली, सोडू नगंस!” तो ओरडला.

रतनबाईचा उघडलेला जबडा तसाच राहिला.

“न्हाई सोडत, दादा,” वरून आवाज आला.

भिमाजीनं नट आवळला. “आता सोड.”

“सोडलं.”

“मार. धर.”

“धरलं.”

दोन वर्षं चार महिन्यांनंतरचा हा संवाद! एक चाक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्या चाकाला नळीतून स्वच्छ तेल यायला लागलं, एक बुडबुडा नाही. आता नट आवळून ‘झालं’ म्हणायचं होतं. ‘झालं’ म्हटलं की माऊली खाली उतरणार, चप्पल घालणार आणि उद्यापासून परत आईच्या तोंडून बोलणार.

“आजून हाय हवा,” भिमाजी म्हणाला. “मार.”

“मारतो.”

आणखी दहा वेळा मारून झालं. प्रतीक्षा चहा घेऊन आली. तिनं वाकून नळीखालच्या बाटलीत बघितलं आणि चुलत्याला म्हणाली, “आबा, ह्यात हवा कुटं हाय? निस्तं तेल येतंय की.”

“लय शानी झालीस,” भिमाजी म्हणाला. “नर्स हायस का मेकॅनिक?”

पण पोरीनं वडिलांच्या पायाशी हात घालून पेडल दाबून बघितलं होतं. “दगडासारखं कडक हाय हे!”

आता निजून राहण्यात अर्थ नव्हता. भिमाजी उठला, तेलाचे हात विजारीला पुसले आणि दारापाशी आला. माऊली समोरच्या काचेतून कुठंतरी लांब बघत होता.

“कवाधरनं कडक झालंय?” भिमाजीनं विचारलं.

“तिसऱ्या चाकाधरनं.”

“मग बोलला का न्हाईस?”

माऊलीनं खांद्यावरच्या पंच्यानं उगीच स्टिअरिंग पुसलं. “बोललो आस्तो तर तू ‘झालं’ म्हनला आस्तास.”

दोन वर्षं भिमाजीनं मनात कितीतरी वाक्यं घोकून ठेवली होती, त्यातलं एकही वेळेला उपयोगी पडलं नाही. त्यानं मुकाट्यानं चारी चाकं चढवली, नट आवळले, जॅक काढला आणि पलीकडच्या बाजूनं येऊन माऊलीशेजारी बसला.

“चल, उताराला एक फेरी मारू,” तो म्हणाला. “पोरगी बसायच्या आधी आपून दोघं बसू. आन ऐक, उद्या मी बी येतो पुन्याला. नवे लायनर हायेत, वाटंत कुनीतरी ध्यान द्यायला पायजे.”

“मागं ती आन तिची ट्रंक आसंल,” माऊली किल्ली फिरवत म्हणाला. “तू म्होरंच बस, दादा.”