वरच्या खोलीतलं कुवेत

कुवेतला जायची तारीख ठरली तेव्हा इम्रानने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. घरातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून दे, म्हणजे तो तिकडे गेल्यावरही दर शुक्रवारी आम्ही तिघं एकत्र खेळू. तिघं म्हणजे तो, मी आणि समोरच्या घरातला आमचा चुलतभाऊ ताबिश. इम्रान माझ्याहून दोन वर्षांनी लहान, ताबिश त्याच्याहून तीन. बिरवाडीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळायचं काम मी करते, त्यामुळे घरातलं असलं सगळं आपसूक माझ्याकडे येतं.

मी महाडच्या बाजारातून केबलचं भेंडोळं आणि सगळ्या केबली जिथे जोडायच्या तो आठ तोंडांचा स्विच आणला. कारखान्यातून केबलला क्लिपा बसवायची पक्कड मागून आणली. महाडला मोठा पूर आल्यापासून आमच्या मोहल्ल्यात तळमजल्यावर कुणी असल्या वस्तू ठेवत नाही, म्हणून सगळं वरच्या खोलीत मांडलं. जोडणी नीट चालते का हे बघायला ताबिश स्वतःचा कॉम्प्युटर उचलून आमच्याकडे घेऊन आला. तीन संध्याकाळी आम्ही तिघं त्या खोलीत खांद्याला खांदा लावून बसलो. एसी चालू, खिडक्या बंद. इम्रान मधूनमधून खोकायचा आणि म्हणायचा, ‘‘हा एसी मला सोसत नाय.’’

तिसऱ्या संध्याकाळी ताबिश चहासाठी खाली गेला. खेळाची नवी आवृत्ती फार मोठी होती, नेटवरून उतरवायला दोन दिवस गेले असते. इम्रानकडे ती होती. मी त्याच्या मशीनवरचं फोल्डर नेटवर्कवर उघडं केलं आणि केबलवरून माझ्याकडे ओढायला लावलं. घाईत एक पायरी वरचं फोल्डर उघडलं गेलं. त्यामुळे खेळाच्या शेजारी त्याच्या कागदपत्रांचं फोल्डरही माझ्या पडद्यावर दिसायला लागलं. अम्मीने मला त्याच्या सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती काढून ठेवायला सांगितलं होतंच. म्हटलं, आत्ताच काढू. पासपोर्ट, फोटो, आणि शेवटी मुंबईत केलेल्या मेडिकलचा कागद. त्यावर ‘अनफिट’ असा शिक्का होता. उजव्या फुप्फुसावर डाग, क्षयाचा संशय, थुंकीची तपासणी करावी. तारीख महिन्यापूर्वीची.

मी पडदा त्याच्याकडे वळवला. इम्रानने आधी उठून दार लावलं.

‘‘आपा, तू माझ्या फायली कशाला बघतेस?’’

‘‘अम्मीला प्रती हव्या होत्या. इम्रान, हे काय आहे?’’

‘‘जुना डाग असंल. लहानपणीचा.’’

‘‘मग तपासणी का नाही केलीस?’’

तो पडद्यावरचा कागद बंद करायला माउस शोधायला लागला.

‘‘आणि अनफिट आहेस तर व्हिसा कुठून आला? विमान कुठलं पकडणार होतास?’’

‘‘व्हिसा नाय आला.’’ तो खुर्चीवर बसला. ‘‘भिवंडीला एका गोदामात काम बघून ठेवलंय. तिथूनच फोन केला असता. व्हिडिओ कॉलवर मागची भिंतच तर दिसते. कुवेतची काय, भिवंडीची काय.’’

मला राग आला होता, पण त्याचं तोंड बघून मी पडदा परत माझ्याकडे वळवला. आमचे अब्बा बावीस वर्षं कुवेतला होते. परत आल्यावर त्यांनी मोहल्ल्यात जे नाव कमावलं ते त्या बावीस वर्षांचं होतं. मुलगा त्याच कंपनीत निघालाय हे त्यांनी मशिदीत प्रत्येकाला गळ्यात पडून सांगितलं होतं. इम्रान त्यांच्यासमोर तो कागद ठेवू शकला नाही. आधी एक दिवस नाही, मग आठवडा नाही, मग महिना.

त्या रात्री जेवणाआधी मीच कागद अब्बांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. अम्मी तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली. अब्बांनी पहिला प्रश्न विचारला तो मला.

‘‘कुणाला बोललीस?’’

‘‘कुणाला नाही.’’

‘‘बोलू नकोस.’’

महाडात नको, कुणीतरी बघेल, म्हणून अब्बा त्याला पोलादपूरला घेऊन गेले. मीही गेले. तिथल्या डॉक्टर अनुपमा मॅडमनी थुंकी तपासायला पाठवली, पुन्हा एक्स-रे काढला. चौथ्या दिवशी नक्की झालं. क्षयच होता. मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘‘सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही. बरा होईल. पण घरातल्या सगळ्यांना तपासायचं. आणि गेल्या काही आठवड्यांत याच्याबरोबर बंद खोलीत कुणी बराच वेळ बसलं असेल, तर त्यालाही.’’

मी तोंड उघडणार इतक्यात अब्बांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ‘‘घरचेच असतात,’’ ते म्हणाले.

नोंदीसाठी पत्ता मागितला तेव्हा त्यांनी आमचा दिला नाही. पोलादपूरजवळच्या कापडे गावातल्या रामजीकाकांचा दिला. रामजीकाका त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. वरच्या वाडीत राहतात, गुरं पाळतात.

गाडीत मी म्हटलं, ‘‘अब्बा, ताबिश तीन दिवस त्याच्या शेजारी बसला होता.’’

‘‘ताबिशचं नाव घेऊ नकोस. त्याच्या घरी कळलं की मोहल्ल्यात कळलं. उद्या तुझ्या लग्नाचं बोलायला कोण येईल? तरणा गडी हाय तो, त्याला काय होतंय.’’

मी गप्प बसले. तेव्हा बोलले असते तर, हा विचार नंतर मी किती वेळा केला याला गणती नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी इम्रान बॅगा घेऊन निघाला. गल्लीतल्या बायकांनी दुआ दिली. ताबिश त्याला मिठी मारून रडला. मी बाजूला उभी राहून ती मिठी बघितली. गाडी मुंबईकडे वळली आणि गावाबाहेर पडल्यावर उलटी फिरून कापड्याला गेली. दोन दिवस तो रामजीकाकांच्या पडवीत राहिला. रामजीकाकांची बायको बयाबाई सरळ बोलणारी. ती अब्बांना म्हणाली, ‘‘नासिरभाय, पोरगा आजारी हाय, चोरी नाय केली त्यानं. लपवता कशाला?’’ अब्बा गाडीत जाऊन बसले. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला गल्ली रिकामी झाली तेव्हा त्यांनी त्याला मागच्या दाराने घरात आणलं. अब्बांचा जुम्मा पहिल्यांदाच चुकला.

इम्रान वरच्या खोलीत राहायला लागला. एसी बंद. मागच्या बाजूची खिडकी उघडी, गल्लीकडच्या खिडकीला जाड पडदा. अम्मी मास्क लावून ताट वर न्यायची आणि बाहेर स्टुलावर ठेवायची. आमच्या तिघांच्या तपासण्या पोलादपूरला झाल्या, त्यात काही निघालं नाही. आणि समोरच्या घरात ताबिश रोज विचारत होता, ‘‘नशराआपा, इम्रानभाय कधी जोडणार?’’

इम्रान जाण्याच्या आठवड्यात मी आमच्या गॅलरीतून त्यांच्या गॅलरीपर्यंत केबल ओढली होती. ताबिश घरबसल्या आमच्या नेटवर्कवर होता. पावसाळा संपला होता, म्हणून माझा कॉम्प्युटर मी खाली आणला. अडचण होती ती इम्रानची. खेळताना प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा दिसतो, त्याला पोरं पिंग म्हणतात. समोरचा माणूस जितका लांब, तितका आकडा मोठा. इम्रान आमच्याच केबलवर असता तर त्याच्यापुढे एक किंवा दोन दिसलं असतं. मी त्याला मोबाईलच्या नेटवरून जोडला आणि शिवाय एका छोट्या प्रोग्रॅमने मुद्दाम उशीर घातला. आकडा शंभराच्या पुढे गेला. त्याच्या दारापाशी मी एक कागद चिकटवला: कुवेत अडीच तास मागे. बोलताना विसरू नकोस.

हे सगळं मी केलं. अब्बांनी खोटं बोलायला सांगितलं होतं, ते इतकं नीट बसवायला नव्हतं सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही खेळायला लागलो. कानात दोघांचे आवाज. ताबिश विचारायचा, ‘‘गरमी कशी हाय तिकडं? जेवण मिळतं का?’’ इम्रान वरच्या खोलीतून, माझ्या डोक्यावर दहा फुटांवरून, कुवेतचं जेवण सांगायचा. अब्बांनी वर्षानुवर्षं सांगितलेल्या गोष्टीच तो सांगत होता. खेळताना तो हसायचा. दिवसभरात तेवढाच. त्या हसण्यासाठी मी स्वतःला समजावत राहिले.

दुसऱ्या महिन्यात हेडफोनमध्ये खोकला ऐकू यायला लागला. मी आधी माइक तपासला, कारण इम्रानचा खोकला तोवर थांबला होता. आवाज ताबिशचा होता.

पुढच्या शुक्रवारीही तोच. त्याच्या पुढच्याही. एकदा मी गल्लीत त्याला बघितलं तर शर्ट खांद्यावरून लोंबत होता. ‘‘वजन कमी केलंस?’’ विचारलं, तर म्हणाला, ‘‘जेवायची इच्छाच होत नाय गो आपा. रात्रीचा घाम येतो. उकडतंय किती.’’ पंधरा दिवस थंडी पडत होती.

मी वर गेले, दाराबाहेर उभी राहिले. ‘‘इम्रान, ताबिशला सांगायचंय.’’

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, ‘‘मी पण ऐकतोय तो खोकला. मला झोप येत नाय आपा. पण अब्बा...’’

‘‘अब्बांना मी बघते.’’

‘‘मग जा.’’

अब्बा खाली बैठकीत पेपर वाचत होते. मी त्यांच्यासमोरून चपला घालून बाहेर पडले. काही विचारलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

ताबिश त्यांच्या गॅलरीत कॉम्प्युटरसमोर बसला होता. मी त्याच्या शेजारी उभी राहून एका दमात सांगून टाकलं. ‘‘इम्रान कुवेतला नाही. वरच्या खोलीत आहे.’’

तो चकित झाला नाही. त्याने हेडफोन गळ्यात घेतला. ‘‘मला माहीत हाय.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘पहिल्याच शुक्रवारपासून. दिवस मावळताना मगरिबची अजान झाली ना, ती मला दोनदा ऐकू आली. एकदा गल्लीतून, एकदा त्याच्या माइकमधून. तो आवाज आपल्या मशिदीचाच.’’ तो हसायला गेला आणि खोकला. ‘‘मला वाटलं एजंटने फसवलं असंल. नासिरचाचा तोंड खाली घालून चालतात. म्हटलं, त्यांना वाटतं आम्हाला कळू नये, तर नाय कळलं. म्हणून कुवेतच्या गरमीचं विचारत बसलो.’’

त्याने आमची अब्रू झाकली होती, आणि झाकताना स्वतःच्या अंगात काय वाढतंय हे त्याला आम्ही कळू दिलं नव्हतं.

‘‘ताबिश, एजंटचं नाही. इम्रानला क्षय झालाय. ते तीन दिवस तू त्याच्या शेजारी बसला होतास. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की तुला तपासायला हवं. आम्ही नाही सांगितलं. मी नाही सांगितलं.’’

मागे काहीतरी पडलं. आफियाचाची, त्याची आई, दारात उभी होती. तिच्या हातातलं सूप खाली पडून तांदूळ गॅलरीभर पसरले होते.

‘‘दोन महिने?’’ ती म्हणाली. ‘‘दोन महिने माझ्या घरात येऊन चहा प्यायलीस तू?’’

तिचा आवाज चढत गेला. आधी मला, मग गॅलरीतून आमच्या घराकडे तोंड करून अब्बांना, मग अम्मीला. गल्लीतले लोक थांबले. दुकानातले बाहेर आले. मी मान खाली घालून ऐकत होते, कारण त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

तेवढ्यात आमचं पुढचं दार उघडलं आणि इम्रान बाहेर आला. तोंडाला मास्क, दोन महिने ऊन न लागलेलं अंग. चार वाजताच्या उजेडात त्याला डोळे उघडता येत नव्हते. कोपऱ्यावरचा किराणावाला ओरडला, ‘‘अरे इम्रान, कधी आलास?’’

‘‘गेलोच नव्हतो,’’ इम्रान म्हणाला.

तो गल्ली ओलांडून गॅलरीखाली उभा राहिला, लांबच, आणि वर बघून चाचीला म्हणाला, ‘‘चाची, मला बोल. आपाला नको.’’ चाची आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

ताबिशची तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. त्यालाही होता. डॉक्टर म्हणाल्या, अजून महिनाभर उशीर झाला असता तर जास्त जड गेलं असतं. आता सहा महिने गोळ्या. तो चाचांच्या ट्रकवर जायला लागणार होता, ते थांबलं. मी अनुपमा मॅडमकडे जाऊन इम्रानचा पत्ता बदलून घेतला. त्या माझ्यावर रागावल्या, आणि ते योग्यच होतं.

चाचीने गॅलरीतली केबल दुसऱ्याच दिवशी कापली. ताबिश म्हणतो, बरा झालो की मी जोडून घेईन, पण अजून त्याला जिने चढवत नाहीत. चाचा आणि अब्बा मशिदीत आता वेगवेगळ्या रांगेत उभे राहतात. अम्मीने एकदा मऊ भाताचं खिमट करून समोर पाठवलं, भांडं तसंच भरलेलं परत आलं. माझ्या लग्नाचं कुणी विचारत नाही, हेही खरं. इम्रान मात्र दिवसाउजेडी गच्चीवर बसतो, आणि गल्लीतलं कुणी हाक मारली तर ओ देतो.

गेल्या आठवड्यात मी आणि अब्बा इम्रानचा रिपोर्ट घेऊन पोलादपूरहून येत होतो. त्याची थुंकी आता साफ आली होती. मी ताबिशकडे गेले त्या दिवसापासून अब्बा माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

निम्म्या रस्त्यात समोर बघतच ते म्हणाले, ‘‘तू मला इचारलं नायस.’’

‘‘नाही.’’

‘‘इचारलं असतंस तर मी जाऊ दिलं नसतं.’’

‘‘माहीत होतं मला.’’

त्यांनी एका ट्रकला पुढे जाऊ दिलं.

‘‘ताबिशचं वजन वाढलं का?’’

‘‘दोन किलो.’’

‘‘दोनच,’’ अब्बा म्हणाले.