परत न आलेला जॅब

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी डाव्या हाताने जॅब मारला आणि हात परत आला नाही. तुटला वगैरे नाही. खांद्यापाशी तो होता तसाच होता. पुढे मात्र तो लांबत सुटला, टांगलेल्या बॅगेला घासून दारातून बाहेर पडला आणि अकोल्यातल्या रस्त्याला लागला.

"काका, कोपर फाकलं तुमचं," तायडे मॅडम म्हणाल्या.

तायडे मॅडम म्हणजे आमच्या बॉक्सिंगच्या प्रशिक्षक. त्यांचं वय सव्वीस, माझं एकोणपन्नास. जॅब हा अगदी पहिला धडा, पुढच्या हाताचा सरळ ठोसा. तीन आठवडे त्या मला तेवढंच शिकवत होत्या. मूठ हनुवटीपासून निघते, शेवटच्या क्षणी तळवा जमिनीकडे वळतो, आणि गेली त्याच रेषेत ती परत हनुवटीशी येते. जाणं मला झकास जमायचं. परत येताना हात रेंगाळायचा. एकदा तर तो वाटेत कान खाजवून आला होता.

"आता काय करू?" मी विचारलं.

"उजवा हात हनुवटीलेच ठेवा. थो खाली नाही आला पायजे."

मी ठेवला. वर्ग चालू राहिला. दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुली माझा हात ओलांडून ये-जा करत होत्या. एकीने त्यावर ओला टॉवेल वाळत घातला. मला भयंकर राग आला, पण एक हात हनुवटीशी आणि दुसरा गावभर, त्यामुळे काही करता येईना.

बाहेरचं सगळं मला कातडीतूनच कळत होतं. चौकात कुणीतरी हात वर उचलून धरला आणि खालून एक रिक्षा जाऊ दिली. पुढे त्याला एक बकरी चाटून गेली. मग बराच वेळ नुसता डांबरी रस्ता, आणि मग एकदम गार वारा लागला. तो बाळापूरचा पूल असणार.

तोवर माझी पँट पावलांवर लोळायला लागली होती. एवढा लांब हात काही हवेतून येत नव्हता, तो माझ्यातूनच निघत होता. मॅडमनी मला भिंतीशी उभं करून टेप लावला. पाच फूट सात इंचांचा मी चार फूट दहा भरलो.

"वजन थेच हाय. गट नाही बदलत," त्यांनी धीर दिला. "पन हा चालला कुठं?"

"खामगावला."

"खामगावले कोन हाय?"

"बायको."

शोभना सहा आठवड्यांपासून भावाकडे होती. भांडण कशावरून झालं ते आता मला आठवतही नाही, दह्याच्या विरजणावरून असावं. मी पेपरातून डोकं वर न काढता "जा" म्हणालो. तिने पिशवी उचलली आणि "जाते" म्हणाली. बावीस वर्षांत ती गिरणीवर दळण टाकायला निघाली तरी "येते" म्हणायची. तो एक शब्द बदललेला मला नीट ऐकू आला होता. तरी मी पान उलटलं. पुढे घर खायला उठलं, म्हणून मी ह्या वर्गात नाव घातलं.

मॅडमनी माझा डावा खांदा दाबून पाहिला.

"काका, मूठ सोडताना मनात काय म्हनता तुमी?"

"जा, म्हणतो."

"मंग थे जाईनच न. घरातून निघताना कोनी जातो म्हन्ते काय? येतो म्हना."

"आता म्हणून चालेल?"

"आधी लागू द्या. लागल्याबिगर परत नाही ओढायचं."

साडेआठला मूठ एका लाकडी दारावर लागली. आयुष्यातला माझा पहिला नीट जॅब तो. तळवा जमिनीकडे होता, मनगट सरळ होतं, कोपराचं मात्र सांगता येत नाही, ते बाळापूरच्या अलीकडेच होतं. मी तेव्हा साडेतीन फुटांचा होतो आणि मॅडमनी मला स्टुलावर उभं केलं होतं.

दार उघडलं. कुणीतरी ग्लोव्हची पट्टी खर्रकन ओढली, आतली बँडेजची पट्टी सावकाश उलगडली आणि माझा अंगठा चिमटीत धरला. मग त्यावर नेलकटर लागलं. माझी वाढलेली नखं शोभनाला कधीच बघवत नसत. तिने चार नखं कापली. करंगळीचं तसंच ठेवलं. म्हणजे राग अजून होता.

मग बराच वेळ काहीच नाही. मी खरोखर घाबरलो. नंतर तळव्यात पिशवीचा एक बंद आला आणि माझी बोटं एकेक करून मिटवली गेली.

त्या पिशवीला दोन बंद आहेत. बाजारातून येताना एक तिच्याकडे, एक माझ्याकडे, वजन मधे, अशी आमची बावीस वर्षांची रीत. पण त्यात तिचे कपडे होते, की तिच्याबरोबर चुकून गेलेले माझे, ते बंदावरून कळत नाही.

"लागलं काय?" मॅडमनी विचारलं.

"लागलं."

"मंग म्हना."

"येतो," मी म्हणालो, आणि खांद्यातून ओढलं.

हात यायला लागला. पँटचे पाय इंचभर वर सरकले. मुलींनी उड्या थांबवल्या आणि एकीने आपला टॉवेल काढून घेतला. बाळापूरच्या पुलावरचा गार वारा आता मनगटाला लागला. हात हळूहळू येत होता, माझ्या ओढीने नाही, कुणाच्या तरी चालीने आल्यासारखा. अर्थात खड्ड्यांच्या रस्त्यावर पिशवी फरफटत असली तरी असंच वाटणार.

"जड हाय काय?" मॅडमनी विचारलं.

"अर्धी," मी म्हणालो.

सगळ्याजणी दाराकडे वळल्या. दारातून आधी माझं कोपर आत आलं, अजिबात न फाकलेलं.