झाकणातली भाकरी

निकिता मॅडम शकूच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपत होत्या. नारायण पेठेतलं एवढंसं क्लिनिक, आणि मिजास केवढी! पोरीला जेवू कसं घालायचं ते म्हणे आता ही मानसतज्ज्ञ बाई आईला शिकवणार. आजचा हुकूम तर कहर होता. घरचा डबा आणा आणि माझ्यासमोर बसून सगळे जेवा.

वाघोलीहून शकू डबा घेऊन आली ती दातओठ खातच. पण आली. लेकीच्या, राजनंदिनीच्या, मनगटांच्या काटक्या झाल्या होत्या, आणि आजही ती जेवली नाही तर संध्याकाळी तिला दवाखान्यात भरती करून नळीनं अन्न द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

राजनंदिनी सवयीनं वाढायला उठली. घरी रोज तीच सगळ्यांना वाढायची आणि शेवटी 'माझं झालं' म्हणून भांडी उचलायची. कधी झालं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"बसायचं," मॅडम म्हणाल्या. "आई वाढतील. आणि हिचं ताट संपेपर्यंत कुणीही उठायचं नाही."

शकूनं पिठलं-भाकरी वाढली. तिच्या नवऱ्यानं, सर्जेरावांनी, ताट ओढून जेवायला सुरुवातही केली. राजनंदिनी नुसती बसून राहिली.

"आपलं ताट कुठंय?" मॅडमनी शकूला विचारलं.

"माझी संकष्टी हाय."

"मागच्या वेळी गुरुवार होता. त्याआधी सोमवार. देव तरी किती लक्षात ठेवणार?"

शकूच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या उपासावर जायचं काम न्हाय! पोरीचं बघा."

"आई देवासाठी करतच नाही," राजनंदिनी थंडपणे म्हणाली. "बाबा तिला पाहुण्यांसमोर म्हैस म्हणाले, तेव्हापासून करते. मी नववीत होते. मला नाही म्हैस व्हायचं."

"अगं, चेष्टा हुती ती!" सर्जेराव हसले. एकटेच.

शकूला मॅडमचा राग आला, नवऱ्याचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. पोरीनं उपाशी राहणं तिच्याकडूनच उचललं होतं. स्वतः न जेवता ती पोरीला 'खा, खा' म्हणत आली होती.

जास्तीचं ताट तिनं आणलंच नव्हतं. डब्याच्या झाकणात तिनं भाकरी घेतली, वर पिठलं ओतलं आणि भरदुपारी संकष्टी मोडली. पोरीच्या डोळ्यांत डोळे घालून ती चावत राहिली.

राजनंदिनीनं रागानं आईकडं पाहिलं. मग नखाएवढा तुकडा तोडून तोंडात टाकला.

सर्जेरावांनी ढेकर दिली आणि ते उठू लागले. "चला, मला साईटवर जायचंय."

"बसा खाली," शकू म्हणाली.

या आवाजात ती त्यांच्याशी कधीच बोलली नव्हती. मॅडमनी तोंड उघडलं, तशी ती त्यांच्याकडंही वळली. "आन् तुमी मधी बोलू नका."

सर्जेराव बसले. पोरीचं ताट अजून भरलेलंच होतं.